दुरुस्तीची चिठ्ठी

कॉलेजच्या मागच्या इमारतीत, जिना संपतो तिथे
अठ्ठावीस कपाटं, डांबरगोळ्यांचा वास
आणि एक पंखा, जो लावायचा नाही,
कागद उडतात.

कपाट अकरा. कप्पा चार.
केना.

जाड कागदावर शिवणाच्या दोऱ्यानं टाचलेलं झाड.
फूल नाही. केन्याचं फूल दाबात टिकत नाही,
निळं सगळं टिपकागदात विरघळतं,
उरतो एक ठिपका,
कुणी निब टेकवून विसरून गेल्यासारखा.

म्हणून भोयरबाई म्हणायच्या,
"फूल काय पाहून राह्यली वं?
फूल तं दुपारी बाराले जाते.
खाली पाह्य. जे राह्यते ते पाह्य."

खाली असतो महाछद.
दोन जाती, दोन्ही निळ्या,
सेमिनरी हिलच्या एकाच उतारावर
मुरमात पाय रोवून.
बाजारात दोन्हींना एकच नाव नि एकच भाव.
एकीचा महाछद बसच्या तिकिटासारखा, नुसता दुमडलेला,
नखानं उघडा, तळापर्यंत उघडतो.
दुसरीच्या कडा मागून जुळलेल्या,
शेंगदाण्याच्या पुडीसारख्या.
आणि तिच्या पानाच्या बेचक्यात तांबूस लव.
भिंगाशिवाय दिसत नाही.
एकदा भिंगातून पाहिली
की मग भिंगाशिवायही दिसायला लागते.

हे शिकायला मला अख्खा ऑगस्ट लागला.
नलू उइकेला एक दुपार.

बाईंना केन्याच्या जाती अंधारात, बोटांनी कळायच्या.
नलू आणि मी मात्र
तीन वर्षांत कळलो नाही.
दोघी ठेंगण्या, दोघी काळ्या,
दोघी आदिवासी वसतिगृहातल्या.
तिच्या चुकांची बोलणी मला, माझी शाबासकी तिला.
एकदा म्हटलं, बाई, मी चंद्रकला. कोवे.
"हाव, तेच ते," म्हणाल्या,
आणि भिंग पुढे सरकवलं.

आता माझ्या हातात त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी :
कॉमेलिना डिफ्यूजा.
सेमिनरी हिल, उत्तर उतार. १९ ऑगस्ट १९८६.
संकलक : कु. एन. उइके.

भिंग धरलं.
कडा जुळलेल्या.
लव अडतीस वर्षांत गंजलेली, पण आहे.

बाई चुकल्या.
इतकी ढोबळ चूक. त्या वर्षी डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता
असं नंतर कुणी म्हणालं, असेलही.
मला जरा बरं वाटलं,
खोटं कशाला बोलू.

आणि हे झाड मी उपटलं होतं.
ठाऊक आहे, कारण मुळाशी अजून ते फिके कोंब आहेत,
या जातीची जमिनीखालची फुलं,
जी कधी उघडत नाहीत,
आतल्या आत बी धरतात.
ती तुटू नयेत म्हणून
मी बोटांनी मुरूम उकरला होता, अर्धा तास,
आणि नलू वर दगडावर बसून जाम खात होती,
पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात,
"जाऊ दे ना वं, तोड" म्हणत होती.

इथला नियम असा,
की जुनी चिठ्ठी काढायची नाही.
खोडायचीही नाही.
तिच्या खाली नवी लावायची,
आपलं नाव, आजची तारीख.
चूक वाचता आली पाहिजे.

लिहिलं : कॉमेलिना बेंगालेन्सिस.
निश्चिती : च. कोवे.

संकलकाच्या ओळीवर पेन थोडा वेळ थांबलं.
मग टोपण लावलं.

संध्याकाळी देवलापारला फोन केला.
म्हटलं, नलू, तुझ्या नावानं कॉलेजात
एक झाड आहे, अडतीस वर्षं.
कोणतं?
केना.

पलीकडे कुणाचं तरी नातवंड रडत होतं, कुकरची शिट्टी झाली.
मग ती म्हणाली, "कोणता पण?
पुडीवाला का तिकिटवाला?"
आणि हसली,
तोंडात अजून तोच घास असल्यासारखी.